अमानत आणि तिची मुदत

एप्रिल २०२३ मध्ये सुदानची राजधानी खार्तूम येथे लष्कर आणि निमलष्करी दल एकमेकांवर तोफा डागू लागले. रमजानचा शेवटचा अशरा चालू होता. दोन्ही बाजूंना रोजेदार होते, दोन्ही बाजूंना अल्लाहू अकबरचे नारे होते. आमच्या वर्गातली मुले घरी टीव्हीवर हे पाहून येत. एका मुलाने विचारले, "सर, अपने मुल्कोंमेंच ऐसा क्यों होता?" त्याच्या 'अपने' या शब्दाने आम्ही ओशाळलो. सुदान काही आपला मुल्क नव्हे. आपला मुल्क हा, जिथे आपण जन्मलो, जिथे आपली कबर व्हायची आहे. पण मुलगा मुल्काविषयी बोलत नव्हता, मजहबाविषयी बोलत होता. त्याला वाटत होते की या प्रश्नाची लाज त्याच्याही वाट्याला येते.

ही लाज झाकण्यासाठी आम्ही वर्गाला एका सुदानी जनरलची गोष्ट सांगितली. त्याने सत्ता हाती घेतली, एका वर्षात परत करतो असे वचन दिले, आणि एका वर्षाने खरोखरच परत केली. गोष्ट सांगताना आमचा आवाज थोडा चढला असावा. तेवढ्यात मागच्या बाकावरचा, एरवी गप्प राहणारा मुलगा म्हणाला, "पर सर, पहले छीनके लिए थेच ना? छीनके लिए, फिर वापस दिए. इसमें बड़ी बात क्या?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि तास संपवला. पण प्रश्न संपला नाही. जी वस्तू मुळात आपली नव्हती ती परत करणे ही नेकी आहे की केवळ गुन्ह्याचा शेवट? परत केल्याने घेणे माफ होते का? आणि अशा माणसाचे आपण जे गुणगान करतो, त्यात आपली काही चूक तर होत नाही ना? हा लेख म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रथम हकिकत सांगितली पाहिजे. जाफर नुमैरी २५ मे १९६९ रोजी लष्करी उठाव करून सुदानचे सत्ताधीश झाले. आधी ते समाजवादी होते, नंतर अमेरिकेचे मित्र झाले आणि शेवटी शरीअतचे पुरस्कर्ते. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी हदच्या शिक्षा लागू केल्या. हात तोडले जाऊ लागले, फटके मारले जाऊ लागले. त्यांनी स्वतःला इमाम म्हणवून घेतले आणि अधिकाऱ्यांकडून बैअत घेतली. त्याच वर्षी दक्षिण सुदानात यादवी पुन्हा पेटली. देशात दुष्काळ होता, तिजोरीत पैसा नव्हता. १८ जानेवारी १९८५ रोजी महमूद मोहम्मद ताहा या वृद्ध विचारवंताला धर्मत्यागाच्या आरोपाखाली खार्तूमच्या कोबर तुरुंगात फाशी देण्यात आले. नुमैरींचे सप्टेंबरचे कायदे इस्लामची आणि देशाच्या एकतेची हानी करतात, असे पत्रक त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी काढले होते.

मार्च १९८५ च्या अखेरीस भाव भडकले. लोक खार्तूमच्या रस्त्यांवर उतरले. नुमैरी त्याच सुमारास अमेरिकेच्या दौऱ्यावर निघून गेले. डॉक्टर, वकील, इंजिनियर, प्राध्यापक, बँक कर्मचारी यांच्या संघटनांनी संप पुकारला आणि देशाचा कारभार ठप्प झाला. ६ एप्रिल १९८५ रोजी संरक्षणमंत्री आणि सरसेनापती जनरल अब्दुर्रहमान सिवार अल-दहब यांनी रेडिओवरून जाहीर केले की लष्कराने सत्ता हाती घेतली आहे. नुमैरी परतीच्या वाटेवर कैरोपर्यंत पोचले होते. त्यांचे विमान खार्तूमला गेलेच नाही. पुढची चौदा वर्षे ते इजिप्तमध्ये राहिले.

सिवार अल-दहब या नावाचा अर्थ सोन्याचे कंकण. हा माणूस सत्तेच्या मागे धावणारा म्हणून ओळखला जात नव्हता. १९७१ मध्ये काही अधिकाऱ्यांनी नुमैरींविरुद्ध बंड केले होते, तेव्हा अल-उबैद येथील फौज यांच्या हाताखाली होती आणि यांनी बंडखोरांना दाद दिली नव्हती. नुमैरींनीच त्यांना मार्च १९८५ मध्ये संरक्षणमंत्री केले होते. नुमैरींशी केलेली बैअत मोडावी की नाही, या विचाराने ते अडखळले होते, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. एकीकडे दिलेला शब्द, दुसरीकडे रस्त्यावरचे लाखो लोक आणि त्यांच्यावर गोळीबार करण्याची पाळी येऊ शकेल असे स्वतःचे सैन्य. शेवटी त्यांनी शब्द मोडला आणि लगेच दुसरा शब्द दिला: एक वर्ष, त्यानंतर निवडणूक.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. हे छीनून घेणे होते का?

फिकहमध्ये एक तत्त्व आहे, आणि मदरशात चार दिवस गेलेल्यालाही ते ठाऊक असते. जरुरत आली तर निषिद्ध गोष्टही मुबाह होते. उपाशी मरणाऱ्याने जीव वाचवण्यापुरते हराम खाल्ले तर त्याच्यावर गुनाह नाही. शेजाऱ्याच्या घराला आग लागली, शेजारी गावाला गेलेला आहे, तर कुलूप तोडून त्याची पेटी बाहेर काढणे ही चोरी नव्हे. या दृष्टीने पाहिले तर सिवार अल-दहब यांनी कुलूप तोडले, पण ते चोर नव्हते. घर जळत होते. घराचे खरे मालक, म्हणजे सुदानी लोक, अंगणात उभे राहून ओरडत होते आणि ज्याच्याकडे किल्ली होती तोच आग लावून परदेशी गेला होता.

परंतु याच तत्त्वाचा दुसरा अर्धा भाग आपण फार क्वचित सांगतो. जरुरतीने जे मुबाह होते ते जरुरतीच्या मापापुरतेच. उपाशी माणसाने प्राण वाचण्याइतके खावे, पोटभर खाऊन वर उद्यासाठी बांधून घेऊ नये. ज्या क्षणी आपण शेजाऱ्याची पेटी उचलली त्या क्षणापासून ती आपल्याकडे अमानत झाली. शेजारी परत येताच ती त्याच्या हवाली करायची. सूरह निसामध्ये अमानती ज्यांच्या त्यांना पोचत्या करण्याचा हुकूम आहे, आणि अनेक मुफस्सिरांनी त्या आयतीचा संबंध हुकूमत करणाऱ्यांशी जोडला आहे. हजरत अबू जर यांनी अधिकारपद मागितले तेव्हा पैगंबरांनी त्यांना सावध केले होते की ही अमानत आहे आणि तिचा हक्क अदा न करणाऱ्याला कयामतच्या दिवशी ती पश्चात्ताप ठरेल. अबू जर यांच्या नेकीविषयी कुणाला शंका होती? तरीही त्यांना पद मिळाले नाही. नेकी ही एक गोष्ट आणि अमानत पेलणे ही दुसरी.

म्हणून खरा प्रश्न 'घेतले की नाही' एवढ्यावर थांबत नाही. जरुरतीचे माप कोणी ठरवायचे, हा त्याच्या पुढचा प्रश्न आहे. याचे उत्तर सुदानपेक्षा आपल्या शेजारी देशात अधिक स्पष्ट दिसते.

५ जुलै १९७७ रोजी जनरल झिया-उल-हक यांनी झुल्फिकार अली भुट्टो यांचे सरकार उलथवले आणि ९० दिवसांत निवडणुका घेण्याचे वचन दिले. ते नमाजी होते, साधे राहत, बोलण्यात विनयी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने नुसरत भुट्टो यांच्या खटल्यात त्यांच्या सत्ताग्रहणाला जरुरतीच्या सिद्धांतावर मान्यता दिली. लवकर निवडणुका होतील अशी अपेक्षाही न्यायालयाने व्यक्त केली. निवडणुका झाल्या नाहीत. ४ एप्रिल १९७९ रोजी भुट्टोंना फाशी झाली. डिसेंबर १९८४ मध्ये झियांनी जनमत घेतले. प्रश्न असा विचारला की देशाचे इस्लामीकरण आपल्याला मान्य आहे काय, आणि 'होय' या उत्तराचा अर्थ असा लावला की झिया आणखी पाच वर्षे राष्ट्रपती. मुसलमान माणूस इस्लामला 'नाही' कसा म्हणणार? पक्षांना बाजूला ठेवून १९८५ मध्ये एक निवडणूक झाली, पण सूत्रे त्यांच्याच हाती राहिली. ९० दिवसांचे अकरा वर्षे झाले. १७ ऑगस्ट १९८८ रोजी विमान कोसळले तेव्हाच ती मुदत संपली.

दोन जनरल, दोघांच्या तोंडी जरुरत, दोघेही नमाजी. फरक कशात होता? आपली नेहमीची सवय अशी की आपण म्हणतो, एकाच्या दिलात खोट होती, दुसऱ्याचा दिल साफ होता. दिलाचा हाल अल्लाह जाणे. आम्हाला फरक दुसरीकडे दिसतो. झियांनी जरुरतीचे माप स्वतःच्या हातात ठेवले. आग विझली की नाही हे तेच सांगणार होते, आणि ज्याच्या हातात पेटी असते त्याला आग कधी विझलेली दिसत नाही. कधी जाब विचारायचा म्हणून, कधी समाज अजून तयार नाही म्हणून, कधी शेजारच्या देशात युद्ध आहे म्हणून मुदत वाढत गेली. सुदानमध्ये माप एका माणसाच्या हाती राहिले नाही. पंधरा अधिकाऱ्यांचे संक्रमणकालीन लष्करी मंडळ झाले, पण त्याच्यासोबत नागरी मंत्रिमंडळही झाले, आणि त्याचे पंतप्रधान होते डॉ. अल-जझूली दफअल्लाह. हे डॉक्टरांच्या संघटनेचे नेते, संपातून पुढे आलेले. ज्या संघटनांनी नुमैरींना घालवले त्या घरी जाऊन झोपल्या नव्हत्या. त्या मुदत मोजत होत्या. पक्ष मोकळे झाले, वर्तमानपत्रे बोलू लागली, नुमैरींचे गुप्तहेर खाते बरखास्त झाले. एप्रिल १९८६ मध्ये निवडणूक झाली. उम्मा पक्षाला सर्वांत जास्त जागा मिळाल्या आणि मे महिन्यात सादिक अल-महदी पंतप्रधान झाले. सिवार अल-दहब पद सोडून बाजूला झाले. पुढे त्यांनी एका इस्लामी सेवासंस्थेचे काम पाहिले, आणि २००४ मध्ये त्यांना इस्लामच्या सेवेसाठीचा किंग फैसल पुरस्कार मिळाला. १८ ऑक्टोबर २०१८ रोजी रियाध येथे त्यांचे निधन झाले आणि दफन मदीनेत झाले.

म्हणजे मुलाच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे होईल: बाबा, बडी बात आहे. कारण हातात बंदूक असताना, तक्रार ऐकणारा कोणी वरिष्ठ नसताना, मुदतवाढीची दहा कारणे तयार असताना या माणसाने मुदत पाळली. मालीमध्येही असे एकदा घडले. मार्च १९९१ मध्ये अमादू तुमानी तूरे या अधिकाऱ्याने हुकूमशहा मूसा त्राओरे यांना हटवले आणि जून १९९२ मध्ये निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षांच्या हाती कारभार दिला. अशी उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. दुर्मिळ गोष्टीची कदर केली पाहिजे.

पण इथे थांबलो तर आम्ही वर्गात केली तीच चूक पुन्हा करू. लाज झाकण्यासाठी अर्धी गोष्ट सांगणे हीही खियानतच आहे.

पेटी वेळेवर परत दिली. पूर्ण दिली का? सप्टेंबर १९८३ चे कायदे त्या वर्षात रद्द झाले नाहीत. ज्या कायद्यांविरुद्ध बोलून ताहा फासावर गेले ते कायदे तसेच राहिले. ताहा यांच्याविरुद्धचा निकाल सुदानच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९८६ मध्ये रद्दबातल ठरवला, पण फाशी गेलेल्याला अशा निकालाचा काय उपयोग? दक्षिणेतले युद्ध थांबले नाही. तिथले नेते जॉन गरांग यांनी नव्या राजवटीला नुमैरींच्या 'मे राजवटीची' दुसरी आवृत्ती म्हटले आणि शस्त्र खाली ठेवले नाही. निवडणूक झाली तेव्हा दक्षिणेतल्या बऱ्याच मतदारसंघांत मतदान होऊच शकले नाही. त्या लोकांच्या दृष्टीने ६ एप्रिलला काय बदलले? खार्तूममधल्या लोकांची अमानत त्यांना परत मिळाली. दक्षिणेतल्या बिगरमुस्लिम माणसाची अमानत त्याच पेटीत होती, ती कोणी उघडूनही पाहिली नाही. ते युद्ध २००५ पर्यंत चालले. त्यात आणि त्यातून आलेल्या भूक व रोगराईत सुमारे वीस लाख माणसे मेली असे मानले जाते. ९ जुलै २०११ रोजी दक्षिण सुदान वेगळा देश झाला.

कोणी म्हणेल, हंगामी शासकाने एवढे मोठे प्रश्न सोडवायचे नसतात, ते निवडून आलेल्यांसाठी ठेवायचे असतात. या म्हणण्यात तथ्य आहे. ज्याने थोड्या दिवसांसाठी घर सांभाळले त्याने भिंती पाडू नयेत. पण मग नुमैरींनी एका फर्मानाने उभारलेल्या भिंती तशाच ठेवणे, हाही एक निर्णयच होता. आम्ही हिंदुस्थानातले मुसलमान. जिथे आपण थोडे असतो तिथे कायदा सर्वांसाठी सारखा असावा, बहुसंख्याकांच्या धर्माचे ओझे आपल्यावर येऊ नये, असे आपण मागतो, आणि बरोबर मागतो. मग जिथे मुसलमान बहुसंख्य आहेत तिथल्या थोड्यांविषयी आपली जीभ का अडखळते? सिवार अल-दहब यांच्या पुण्याचा हिशेब करताना हा खर्चही लिहिला पाहिजे, नाहीतर तो हिशेब नव्हे, कव्वाली होईल.

आणखीही एक कलम आहे. ज्या लोकशाहीच्या हाती त्यांनी सत्ता दिली ती तीन वर्षांत बुडाली. ३० जून १९८९ रोजी ब्रिगेडियर उमर अल-बशीर यांनी सादिक अल-महदी यांचे सरकार उलथवले आणि तीस वर्षे राज्य केले. आणि ज्यांनी स्वतः सत्ता परत केली होती ते सिवार अल-दहब २०१० च्या निवडणुकीत याच बशीर यांच्या उमेदवारीला पाठिंबा देणाऱ्या समितीचे प्रमुख झाले. आम्हाला हे वाचून वाईट वाटले होते. पण आता विचार करता वाटते की वाईट वाटण्याचे कारण आमची अपेक्षा होती. एक काम नेक केले म्हणून माणूस आयुष्यभर प्रत्येक बाबतीत बरोबरच राहील, असे आम्ही गृहीत धरले होते. माणसाला आम्ही वली करून टाकले होते.

एप्रिल २०१९ मध्ये लोकांनी पुन्हा रस्त्यावर येऊन बशीर यांना घालवले तेव्हा पुन्हा एक संक्रमणकालीन लष्करी मंडळ आले, पुन्हा एक जनरल त्याचे प्रमुख झाले, अब्दुल फत्ताह अल-बुरहान. लोकांना १९८५ आठवत होते. करार झाला, नागरी पंतप्रधान आले, मुदत ठरली. लष्कराकडून नागरिकांकडे अध्यक्षपद जाण्याची वेळ जवळ आली तेव्हा, २५ ऑक्टोबर २०२१ रोजी, बुरहान यांनी पंतप्रधानांना अटक करून सारे मोडले. दीड वर्षाने ते आणि त्यांचे जोडीदार मोहम्मद हमदान दगालो यांच्यात युद्ध पेटले. त्यात एक कोटीहून अधिक माणसे घरदार सोडून परागंदा झाली. आपल्या सरकारने ऑपरेशन कावेरी करून तिथून तीन हजारांहून अधिक भारतीयांना आणले. मालीतही तेच. तूरे पुढे निवडून येऊन राष्ट्राध्यक्ष झाले आणि मार्च २०१२ मध्ये त्यांनाच लष्कराने हटवले. नेक जनरलने दाखवलेली वाट मागून येणाऱ्याला बांधून ठेवत नाही. ती फक्त एवढे सिद्ध करते की असे करता येते.

म्हणून आम्हाला वाटते की आपली मूळ चूक जनरलच्या निवडीत नाही, जनरलची वाट पाहण्यात आहे. आपल्या गल्लीतल्या चहाच्या टपरीवर, जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर, लग्नाच्या पंगतीत एक वाक्य हमखास ऐकू येते की कौमला एक सलाहुद्दीन पाहिजे. कोणी असा शूर, इमानदार, सख्त माणूस यावा आणि सारे सरळ करावे. त्याच्यावर हिशेबनीस कोण ठेवायचा, हे कोणी बोलत नाही, कारण इमानदार माणसाला हिशेब मागणे हा त्याचा अपमान वाटतो. हजरत उमर यांना तसे वाटत नव्हते. खालिद बिन वलीद यांच्यासारखा विजयी सेनापती त्यांनी पदावरून दूर केला. लोक विजयाचे श्रेय अल्लाहऐवजी खालिद यांना देऊ लागतील अशी त्यांना भीती वाटली, असे कारण इतिहासकार सांगतात. आणि खालिद अबू उबैदा यांच्या हाताखाली लढत राहिले. आपण खालिद यांच्या तलवारीच्या कथा मुलांना सांगतो, ही गोष्ट क्वचित सांगतो. इमाम हसन यांनी हिजरी ४१ मध्ये रक्तपात टाळण्यासाठी खिलाफत सोडली. त्याविषयी तर आपण अधिकच कमी बोलतो. सत्ता सोडणारे आपल्या इतिहासात आहेत, पण आपल्या वाजांमध्ये नाहीत.

आणि हे केवळ मोठ्या तख्तांपुरते नाही. आमच्या माहितीतल्या एका संस्थेत वाद झाला, जुनी कार्यकारिणी गेली आणि सहा महिन्यांसाठी हंगामी समिती आली. समितीतली माणसे चांगली होती. त्यांनी गळके छप्पर दुरुस्त केले, थकलेली बिले चुकती केली. सहा महिन्यांची चार वर्षे झाली. एका सभेत एका तरुणाने उठून विचारले की निवडणूक कधी? त्याला उत्तर मिळाले की हे पाचही वक्ताचे नमाजी लोक आहेत, एक पैसा खात नाहीत, तुला आणखी काय पाहिजे? तो तरुण बसला. आम्ही त्या सभेत होतो. आम्ही काही बोललो नाही. आम्हाला माहीत होते की त्याचा प्रश्न पैशाचा नव्हता, मुदतीचा होता. पण ती माणसे खरोखरच चांगली होती, आणि चांगल्या माणसाला 'तुमची वेळ संपली' असे सांगायला जी हिंमत लागते ती वाईट माणसाविरुद्ध बोलण्यापेक्षा जास्त लागते. आमच्यापाशी ती नव्हती. खार्तूमच्या बुरहान यांच्यावर लेख लिहिणे सोपे आहे.

सुदानशी आपला एक जुना धागा आहे. १९५३ मध्ये त्या देशाची पहिली निवडणूक घेणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष होते सुकुमार सेन, आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. पुण्याजवळ खडकवासल्याला, जिथे आपल्या सैन्याचे अधिकारी घडतात, त्या प्रबोधिनीच्या मुख्य इमारतीचे नाव सुदान ब्लॉक आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतीय जवानांनी सुदानच्या रक्षणात जो भाग घेतला त्याची आठवण म्हणून सुदानने दिलेल्या देणगीतून ती उभी राहिली. तिथून बाहेर पडणारा अधिकारी निवडून आलेल्या सरकारला सलाम करतो. हे तो जन्मतः नेक असतो म्हणून होत नाही. ठरलेल्या वेळी निवडणूक होते, हरलेला उठून जातो, आणि सैन्याला कुलूप तोडायला बोलवावे असे कोणाच्या मनात येत नाही, म्हणून होते. या देशात आपली दुखणी पुष्कळ आहेत आणि ती आपण मांडत राहू. पण ही दौलत आपली आहे हे विसरून आपण सलाहुद्दीन शोधत फिरलो, तर ते नाशुक्रीचे होईल.

सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा तो मुलगा नववीत गेला होता. मधल्या सुट्टीत आम्ही त्याला बोलावले आणि सांगितले की तुझ्या प्रश्नाला आम्ही हसलो, ते बरोबर नव्हते. त्या जनरलने घेतले ती चोरी नव्हती, कारण घर जळत होते. परत दिले ते एहसान नव्हते, कारण वस्तू त्याची नव्हतीच. त्याने आपले फर्ज अदा केले, आणि तेही पूर्ण नाही. तरी जिथे जवळजवळ कोणीच फर्ज अदा करत नाही तिथे ज्याने केले त्याला आपण दुआ द्यावी. पण त्याची वाट पाहू नये.

मुलगा थोडा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "सर, फिर मॉनिटर भी हर महीने बदलना चाहिए ना?" आमच्या वर्गाचा मॉनिटर दोन वर्षे एकच होता. हुशार, शांत, विश्वासू मुलगा. त्याला बदलावे असे आम्हाला कधी वाटलेच नव्हते.

आता आम्ही दर महिन्याला मॉनिटर बदलतो. पहिल्या तारखेला जुना मॉनिटर हजेरीपट आणि डस्टर टेबलावर आणून ठेवतो, नवा उचलतो. काही महिने वर्गात गोंधळ जास्त असतो, हे कबूल केले पाहिजे.